शिफारस

देवघेवीच्या वहीत शेवटचा रकाना आहे: 'शिफारस'.
कोणत्या अध्यक्षांनी तो आखायला लावला, आता कोणाला आठवत नाही.
गोळीबार चौकातून आत, तराजूच्या दुकानावर
आमची एक खोली, पाच कपाटं, एक कूलर.
कूलरमध्ये पाणी भरते मीच.

रकाना इंचभर. लोक त्यात मावत नाहीत.
लिहिता लिहिता समासात जातात,
तिथून सरळ पुस्तकात.

रत्नमाला निनावे, सभासद क्रमांक एकशे बारा:
'पाककृतींचं जाड पुस्तक लोणच्यापुरतं न्या.
पान चौसष्टवर मीठ कमी सांगितलं आहे, ऐकू नका.
लिहिणाऱ्या बाईंनी आपल्याकडचं ऊन पाहिलेलं नाही.'

त्याच पुस्तकात जिथे जिथे 'कोथिंबीर' छापलंय
तिथे तिथे कोणीतरी पेन्सिलीनं केलंय 'सांबार'.
एक्केचाळीस वेळा. मी मोजलंय,
मे महिन्यात दुपारी येतं कोण?

यादवराव बोकडे, पंखादुरुस्तीच्या पुस्तकाबद्दल:
'उपयोगी. माझा फिरतो आहे.'
ताऱ्यांच्या पुस्तकाबद्दल सहीशिवाय:
'गच्चीवर न्या. लाईट गेले की जास्त समजतं.'
हेडाऊंच्या पोराने रहस्यकथेचं शेवटचं पान
फाटलेलं पाहून स्वतः लिहून चिकटवलं.
त्यात खून वाचनालयाच्या बाईने केलेला असतो.
शिफारस: 'अवश्य वाचा.'

सावजी रश्श्याच्या पानावर
पार्बताबाई पराते यांनी आडवी रेघ मारली:
'हे आमच्या घरचं नोहे.
कोणी हॉटेलात जेवून, घाम पुसत, अंदाजानं लिहिलं.'
आणि खाली, कोष्ट्याच्या घरचं अक्षर, ताण्यासारखं सरळ:
धने, खसखस, दगडफूल, सुंठ,
भाजलेली ज्वारी, जवसाचं तेल,
माप कशालाच नाही, सगळं 'डोळ्यानं'.
शेवटी:
'एक जिन्नस लिहिला नाही. तो घरी येऊन विचारा.
तांडापेठ, नळाजवळ.'

पुस्तकावर लिहिण्याचा दंड पाच रुपये.
मी लावला. त्यांनी भरला. पावती मागून घेतली.

संत्र्यांच्या दिवसांत देवाजी ठवरे आले.
बायको जाऊन दीड महिना झाला होता.
कपाटाकडे गेले नाहीत, टेबलाशीच उभे.
'मॅडम, असं पुस्तक हाये का जी,
ज्यात भातात पाणी किती टाकाचं तेवढंच सांगतलं असन?
बाकी सारे पुस्तकं वरणापासूनच सुरू होते.'

एकोणीस वर्षांत मला कोणी शिफारस मागितली नव्हती.
माझाच भात कधी मोकळा,
कधी अशी खळ की तिने पुस्तकं चिकटवावीत.
मी जाड पुस्तक काढलं. पान सत्तावीस.
छापील 'दीड वाटी'वर एका हातानं 'दोन',
दुसऱ्या हातानं 'अडीच, पण नव्या तांदळाला नाही',
तिसऱ्या हातानं 'बोटाचं पेर बुडेल इतकं'.

'याच्यातलं कोनाचं आयकू?'
'रोज एकाचं,' मी म्हटलं,
आणि तारखेचा शिक्का दोनदा मारला.

पुस्तक चार महिन्यांनी परत आलं.
दंड त्यांनी आधीच मोजून मुठीत आणला होता.
वही ओढून घेऊन बराच वेळ लिहीत राहिले,
तरी लिहिलं एवढंच:
'भात जमला. तांडापेठले जाऊन आलो.
जिन्नस कळला. सांगणार नाही.'

पान सत्तावीसवर आता हळदीचा एक अंगठा आहे.
नियमावली काढून पाहिली,
अंगठ्याला दंड नाही.

तांडापेठ इथून लांब नाही.
ऊन उतरू दे.